आधी बदलीचा रोज मोजा : वृद्धनिवासांतील मदतनिसांच्या प्रशिक्षणाबाबत खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
समाजकल्याण आयुक्तालय, महाराष्ट्र राज्य, पुणे

प्रत माहितीसाठी : आरोग्य विभाग, पुणे महानगरपालिका

महोदय,
स. न. वि. वि.

कोथरूड, वारजे, धायरीपासून वाघोली, तळेगावपर्यंत कुठे बंगल्यात, कुठे रो-हाउसमध्ये, कुठे इमारतीच्या दोन मजल्यांवर वृद्धनिवास चालतात. पाटीवर 'वृद्धाश्रम' असो, 'ज्येष्ठ निवास' असो की 'शुश्रूषा केंद्र', आतले काम तेच. दहा ते चाळीस ज्येष्ठ; काही हिंडतेफिरते, काही वॉकरवर, काही पूर्ण अंथरुणाला खिळलेले. त्यांना उठवायला, धुवायला, भरवायला मावश्या आणि मामा. ही निवासे चालवणारे, तिथे ड्युटी करणाऱ्या परिचारिका आणि मावश्यांना शिकवणारे अशा आम्ही काही जणांनी मिळून हे पत्र लिहिले आहे.

प्रशिक्षण सक्तीचे करा, असेच आमचे म्हणणे आहे. फक्त प्रमाणपत्र मावशीच्या नावाचे असू द्या, निवासाच्या नावाचे नको. आणि खर्चाचा हिशेब मांडताना फीच्या आधी बदलीच्या माणसाचा रोज धरा. या दोन गोष्टी राहिल्या तर दर निवासाच्या भिंतीवर फ्रेम केलेले कागद लागतील आणि पाठीवरच्या जखमा होत्या तिथेच राहतील.

कायद्यात आज काय आहे ते आपल्याला ठाऊकच आहे. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ सालचा. त्याचे १९वे कलम प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाबद्दल बोलते. महिन्याचे पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी निवासात मावशीला किती तास शिकवायचे, याबद्दल हा कायदा काही सांगत नाही. खासगी निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा आणू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण ती लोकसभा २०२४ मध्ये विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेले. त्याच २०२४ साली महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना सूचना दिल्या. त्यात दाराची रुंदी किमान ९०० मिलिमीटर असावी, म्हणजे व्हीलचेअर अडणार नाही, असे आहे. चांगलीच सूचना आहे. दाराला माप मिळाले. त्या दारातून व्हीलचेअर ढकलणाऱ्या बाईला उतारावर मागे वळून कसे जायचे हे कोणी शिकवावे, ते मात्र कुठेच लिहिलेले नाही.

नियम उशिरा का होईना येणारच. तो आल्यावर 'अमुक तासांचे प्रशिक्षण' अशी एक ओळ त्यात पडेल. त्या तासांत नेमके काय हवे हे आधी पलंगापाशी जाऊन पाहू.

कूस बदलणे घ्या. 'दर दोन तासांनी कूस बदलावी' हे वाक्य प्रत्येक मावशीला पाठ असते. तरीही बेडसोर, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमा, होतात, कारण कूस बदलली जाते ती ओढून. रात्री एकटी मावशी आजोबांना काखेत धरून वर सरकवते. तेव्हा कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतले हाड पुढे जाते. माकडहाडावरची जखम आतून सुरू होते ती इथे. उपाय साधा आहे : एक चादर चार पदरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली कायम ठेवायची, दोघींनी दोन बाजूंनी ती शरीराजवळ घट्ट गुंडाळून धरायची आणि माणसाला उचलून सरकवायचे. कुशीवर पूर्ण ९० अंशांत वळवायचे नाही, कारण सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश तिरके ठेवायचे. पोटरीखाली उशी अशी द्यायची की टाचा गादीला लागणार नाहीत. एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते; 'एअर बेड घेतलाय ना' म्हणून रात्रभर उताणे ठेवलेले पेशंट आम्ही इतके पाहिले आहेत की ही ओळ अभ्यासक्रमात ठळक अक्षरांत हवी.

पुढची चूक ओळखण्याची. पुस्तकात लिहिलेले असते, 'त्वचा लाल दिसते'. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हाताने पाहायचे असते : आजूबाजूपेक्षा गरम आहे का, टणक किंवा पिचपिचीत लागते का, दुखते का. गोऱ्या कातडीवर बोटाने दाबून सोडायचे. जागा क्षणभर पांढरी होऊन परत लाल झाली तर ठीक, लालच राहिली तर जखमेची पहिली पायरी सुरू झाली. अशा जागी स्पिरिट-पावडर लावून चोळण्याची जुनी सवय आपल्याकडे अजून घट्ट आहे. आधीच दबलेल्या कातडीला चोळल्याने ती आणखी फाटते. बसायला दिलेली रबरी रिंगही तेच करते, कडेने रक्त अडवते. ही दोन्ही चुकीची कामे मावश्या फार मायेने करतात. त्यामुळे 'करू नका' एवढे सांगून भागत नाही, का करू नये ते दाखवावे लागते.

आता माणसांचे गणित. २५ जणांच्या निवासात पाच जण अंथरुणाला खिळलेले धरा. रात्री आठ ते सकाळी आठ या पाळीत सहा वेळा कूस बदलायची, प्रत्येकाला पाच मिनिटे. पाच गुणिले सहा गुणिले पाच म्हणजे १५० मिनिटे, तीही दोघींची. रात्रीला एकच मावशी असेल तर ४० तास शिकवा नाहीतर ४००, चादर ओढलीच जाणार. प्रशिक्षणाचा नियम आणि रात्रपाळीतल्या माणसांचा नियम वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या टेबलांवरून निघू नयेत एवढ्यासाठी हा हिशेब.

दुसरी गोष्ट इन्सुलिनची. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन पेनमधल्या कार्ट्रिजमध्ये (भरलेल्या नळकांडीत) मात्र एका मिलिलिटरला १०० युनिट. त्या तीव्रतेची सिरिंज नारिंगी टोपणाची. रात्री पेनची सुई संपते. कोणीतरी कार्ट्रिजच्या रबरात लाल टोपणाची सिरिंज खुपसून '२०'च्या खुणेपर्यंत ओढते. ४०च्या सिरिंजवर २०ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये आता ५० युनिट असतात, अडीचपट. पहाटे आजी घामाने भिजलेल्या आणि असंबद्ध बोलत असतात, आणि मावशीला वाटते की विस्मरणाचा आजार आहे, नेहमीचेच.

हे शिकवायला फार काही लागत नाही. दोन्ही सिरिंजा, एक रिकामी बाटली, एक रिकामी कार्ट्रिज, रंगीत पाणी, पंधरा मिनिटे. मग पुढची पायरी : ग्लुकोमीटरवर ७०च्या खाली आकडा आणि माणूस शुद्धीत, गिळू शकतो आहे, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, अजून खालीच असेल तर पुन्हा द्यायची, आणि वर आल्यावर काहीतरी खायला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, लगेच १०८. इन्सुलिन टोचणे हे नोंदणीकृत परिचारिकेचेच काम राहावे, असे आमचेही मत आहे. पण मग ज्या छोट्या निवासात रात्री परिचारिका नसते तिथे आठचा डोस कोणी द्यायचा, हे नियमाने स्पष्ट सांगावे. नियम मोघम राहिला तर ते काम मावशीवरच येते, आणि काही बिघडले की तिला कोणी ओळखत नाही.

गोळ्यांचेही तसेच. नावापुढे 'एसआर' किंवा 'एक्सआर' असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून पेजेत घातली की दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. मेथोट्रेक्सेटसारखी आठवड्यातून एकदाच द्यायची गोळी चुकून रोजच्या डबीत गेली तर जिवावर बेतते. अशा गोळ्यांसाठी निराळ्या रंगाची डबी आणि तिच्यावर वाराचे नाव, एवढेच पुरते.

भरवण्याबद्दल मात्र थोडे थांबून लिहायला हवे. त्यात जीव जातो आणि मृत्यूच्या दाखल्यावर फक्त 'न्यूमोनिया' लिहिले जाते. अर्धांगवायू झालेल्या माणसाला घट्ट पदार्थापेक्षा पातळ पदार्थ जास्त दगा देतो. मऊ भात नीट खाणारे आजोबा पाणीदार चहाला ठसकतात. ठसका लागला तर निदान कळते. काहींना ठसकाही लागत नाही, फक्त आवाज ओलसर, घरघरता होतो. ताठ बसवायचे, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, गिळल्याचे गळ्याकडे पाहून समजल्यावरच पुढचा घास, लुळ्या बाजूच्या गालात घास साठला आहे का ते पाहायचे, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. नाकातून नळी असेल तर भरताना आणि नंतरही डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. यात कठीण काहीच नाही. वेळ लागतो, बस्स. रात्रीचे जेवण साडेसातला आणि पाळीबदल आठला असेल तर शेवटच्या तीन ताटांना प्रत्येकी दहा मिनिटेही मिळत नाहीत. म्हणून जेवण आणि पाळीबदल यांत किमान तासाभराचे अंतर असावे, ही आमच्या मते प्रशिक्षणाचीच अट आहे.

विस्मरणाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र तास हवेत. संध्याकाळ झाली की 'मला घरी जायचंय' सुरू होते. 'हेच तुमचं घर' असे म्हटले की वाद वाढतो. भाजी निवडायला बसवले, 'घरी कोण कोण आहे' विचारले की बहुधा ओसरतो. ओढणीने हात पलंगाला बांधणे हा उपाय नव्हे, आणि पलंगाचे कठडे लावून टाकणे हाही नव्हे. कठड्यावरून चढून पडलेला माणूस जास्त उंचावरून पडतो. कालपर्यंत नीट असलेले काका आज एकदम बरळायला लागले तर ते विस्मरण समजायचे नाही. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणे, साखर, बदललेले औषध यांपैकी काहीतरी असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे असते.

आता खर्च. नियमाच्या मसुद्यात खर्चाच्या रकान्यात 'प्रशिक्षण शुल्क' असे लिहून पुढे जाण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात शुल्क हा लहान भाग. खालचे आकडे आम्ही हिशेबासाठी धरलेले आहेत. आपल्या खात्याने आपले घालून पाहावेत.

निवास २५ जणांचे, मावश्या-मामा मिळून १२. नियम म्हणतो ४० तास, म्हणजे आठ तासांचे पाच दिवस. मावशी वर्गात बसली की तिच्या जागी बदली लागते, बारा तासांचा रोज ८०० रुपये धरू. १२ जणांचे पाच दिवस : ४८,०००. सगळ्यांना एकदम वर्गात बसवता येत नाही, म्हणून दोन तुकड्या. प्रशिक्षकाचे दिवसाला ३,००० प्रमाणे दहा दिवसांचे ३०,०००. हातमोजे, सिरिंजा, कॅथेटर (लघवीची नळी), इतर नळ्या असे सरावाचे साहित्य ६,०००. परीक्षा आणि प्रमाणपत्राचे माणशी १,५०० प्रमाणे १८,०००. बेरीज १,०२,०००. वर्षभरात २५ रहिवाशांवर वाटले तर माणशी महिना ३४० रुपये. यात सर्वांत मोठा आकडा बदलीचा आहे, आणि तोच कुठल्या परिपत्रकात नसतो.

इथवर परवडते. पण मावश्या टिकत नाहीत. गावाकडे पेरणी निघते, मुलाची दहावी येते, माणसे पुरवणारा दुसरा ब्युरो दिवसाला पन्नास रुपये जास्त देतो. वर्षात १२ पैकी आठ जणी बदलल्या आणि प्रमाणपत्र निवासाशी बांधलेले असले तर नव्या आठ जणींना पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे. त्या एकदम येत नाहीत, दोन-दोन करून येतात, म्हणजे चार तुकड्या. बदली ३२,०००, प्रशिक्षक वीस दिवसांचे ६०,०००, साहित्य ४,०००, परीक्षा १२,००० : एकूण १,०८,०००. पहिल्या खेपेपेक्षा जास्त. माणशी महिना आणखी ३६०. दोन्ही मिळून ७००.

हे ७०० रुपये कुठे बोचतात ते पाहा. धर्मादाय म्हणून प्राप्तिकर खात्याकडे नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमाला, साठ आणि त्यापुढच्या वयाच्या रहिवाशाकडून राहणे, जेवण, देखभाल धरून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत घेतल्यास जीएसटीतून सूट आहे. आज २४,५०० घेणारी संस्था ७०० वाढवून २५,२०० वर गेली की ती मर्यादा ओलांडते. प्रशिक्षणाचा खर्च भरून काढायला गेलेल्या संस्थेपुढे कराचा नवाच प्रश्न उभा. मग ती काय करते? दर वाढवत नाही, आणि बदली न लावता प्रशिक्षणाच्या रजिस्टरवर सह्या घेते. तपासणीला आलेल्या कुणालाही ते ओळखता येईल : पाचही दिवसांच्या सह्या एकाच पेनाने, आणि त्याच तारखांना त्याच मावश्या हजेरीपटावर दिवसपाळीला.

दहा जणांच्या निवासाचा हिशेब आणखी अवघड. मावश्या सहा, पण तुकड्या दोनच : बदली २४,०००, प्रशिक्षक तेच ३०,०००, साहित्य ३,०००, परीक्षा ९,०००, ६६,००० भागिले १२०, म्हणजे माणशी महिना ५५० रुपये, तेही पहिल्याच खेपेला. मोठ्या संकुलांना नियम झेपेल आणि बंगल्यातली निवासे पाटी उतरवून 'घरगुती सोय' म्हणून चालू राहतील. जी नोंदणीतून बाहेर गेली तिथे तुमची तपासणीही पोचणार नाही.

ब्युरोचा गुंता वेगळाच. मावशी ब्युरोच्या नावावर, काम निवासात. निवास म्हणते, शिकवणे ब्युरोचे काम. ब्युरो म्हणतो, आम्ही माणूस पुरवला. वीस माणसे झाली की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो; तो आकडा टाळायला काही ठिकाणी माणसे मुद्दाम ब्युरोकडून घेतली जातात, खरे तर कंत्राटी माणसेही त्यात मोजली जातात. जिच्या हातून काम होते तिच्याच नावावर प्रमाणपत्र असेल तर हा वाद राहतो फक्त पैसे कोणी भरायचे याचा, आणि तो एका ओळीच्या नियमाने मिटतो : कामावर ठेवताना ज्याच्याकडे हजेरीपट, त्याने भरायचे. मावशीच्या पगारातून कापायचे नाहीत.

परदेशातले उदाहरण द्यायचेच तर पूर्ण द्यावे. अमेरिकेत असिस्टेड लिव्हिंगचे, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या निवासांचे, नियम राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात थेट देखभाल करणाऱ्याला ४० तास : २० एकट्याने काम करण्याआधी, त्यांतले सहा विस्मरणाचे, आणि उरलेले २० पहिल्या चार आठवड्यांत, पुढे दरवर्षी २०. नर्सिंग होममधल्या (तिथे याचा अर्थ छोटे रुग्णालय नव्हे, परिचारिकांची देखभाल असलेले निवास) सहायकांसाठी तिथल्या संघराज्याचा नियम आहे, किमान ७५ तास, त्यांतले १६ रहिवाशाला हात लावण्याआधी. तासांचे हे आकडे आपल्याकडे भाषणांतून येतात. त्याच नियमांतल्या दोन गोष्टी येत नाहीत : नर्सिंग होममध्ये नोकरीला असलेल्या सहायकाकडून प्रशिक्षणाचे पैसे घेता येत नाहीत, आणि राज्य सहायकांची नोंदवही ठेवते. माणूस एका निवासातून दुसऱ्यात गेला तरी त्याची नोंद त्याच्याबरोबर जाते. सलग २४ महिने पगारी काम केले नाही तरच पुन्हा शिकावे लागते. आम्हाला तासांपेक्षा ही नोंदवही हवी आहे.

आता आमची मांडणी. मावशीने पहिल्यांदा कुणाला हात लावण्याआधी एक दिवस, आठ तास, वर्गात : हात धुणे, उचलणे-सरकवणे, भरवणे, साखर कमी होणे, पडलेल्याला न उठवता आधी पाहणे, आग, आणि कुणाला कधी बोलवायचे. उरलेले ३२ तास पुढच्या सहा आठवड्यांत निवासातच, पलंगापाशी, पाळीबदलाच्या वेळी दोन-दोन तासांच्या १६ भेटींत. तेव्हा दोन्ही पाळ्या हजर असतात, त्यामुळे बदली लागत नाही, फक्त थांबलेल्या तासाचा रोज द्यावा लागतो. पुन्हा तेच २५ जणांचे निवास : पहिल्या दिवसाची बदली ९,६००, त्या दिवसाचा प्रशिक्षक दोन तुकड्यांना ६,०००, भेटींचे दर भेटीला हजार प्रमाणे १६,०००, जादा तासांचे (दर भेटीला माणशी एक तास, तासाला सुमारे ६७ रुपये) सुमारे १२,९००, साहित्य ६,०००, परीक्षा १८,०००. बेरीज ६८,५००, माणशी महिना २३० रुपयांच्या आत. प्रमाणपत्र मावशीबरोबर फिरत असेल आणि नव्या आलेल्यांतल्या अर्ध्याच जणींकडे ते असले, तरी फेरशिक्षणाचा खर्च निम्म्यावर येतो. पहिल्या दिवसाचा वर्ग क्षेत्रीय कार्यालयानुसार महिन्यातून दोन ठरलेल्या तारखांना महापालिकेच्या दवाखान्यात भरवला, तर सहा मावश्यांच्या निवासाला अख्खा प्रशिक्षक एकट्याने पोसावा लागणार नाही.

नवीन अभ्यासक्रम शोधत बसायचीही गरज नाही. जनरल ड्यूटी असिस्टंट आणि होम हेल्थ एड हे कौशल्य विकासाचे अभ्यासक्रम आहेत, आधीच्या अनुभवाला मान्यता देण्याची सोयही आहे, आणि केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत ज्येष्ठांच्या सेवेकऱ्यांच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. त्यांतून निवासाला लागणारे तेवढे काढून मराठीत बांधावे. पंधरा वर्षे काम केलेल्या मावशीला पहिल्या बाकावर बसवू नका, थेट परीक्षा घ्या. पण परीक्षा लेखी नको. चौथी शिकलेल्या बाईला चार पर्यायांतून उत्तर निवडायला सांगितले की ती नापास होते, आणि तिच्या हाताखाली आलेली बारावी पास मुलगी पास होते, जिला अजून कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर आणि जमिनीला न टेकवता लटकवायची असते हे लक्षात राहत नाही. चादर, बाहुला, दोन सिरिंजा, वाटी-चमचा समोर ठेवा आणि करून दाखवायला सांगा.

कागदांच्या तारखांबद्दलही बोलायला हवे. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. प्रशिक्षणाच्या उजळणीची तारीख त्यालाच जोडा. यंत्रणा तपासायला माणूस आला की त्याच दिवशी मावश्यांनी खिळलेल्या माणसाला गादीसकट किंवा चादरीवरून ओढत दारापर्यंत नेऊन दाखवावे. लिफ्ट वापरायची नाही, म्हणून असे रहिवासी तळमजल्यावरच. एक खास पुणेरी धोकाही त्यात घ्या : ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेल्या खोलीतच छोटे देवघर आणि त्यात निरांजन. ज्योत आणि नाकातली नळी यांत किमान दहा फूट अंतर, नाहीतर देव बाहेरच्या खोलीत. आजींना हे पटवणे हेसुद्धा शिकवावे लागते.

कचऱ्याचे दोन शब्द. इन्सुलिनच्या सुया टोचणार नाहीत अशा जाड डब्यात, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका. लाल ठिपक्याची ही पद्धत पुण्यातल्या कचरावेचक भगिनींच्या 'स्वच्छ' संस्थेनेच रुजवली आहे. मावशीचा आळस तिथे दुसऱ्या कष्टकरी बाईच्या हाताला टोचतो.

नियम लागू करताना आत्ता कामावर असलेल्यांना वर्षभराची मुदत द्यावी. पहिल्या आठ तासांतून मात्र दहा खाटांखालच्या निवासालाही सूट नको, आमच्यातल्या लहान निवासचालकांनाही ती नको आहे. तपासणीला येणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांना एकच विनंती : सकाळी अकराला येऊ नका, तेव्हा सगळेच नीटनेटके असते. रात्री साडेनऊला या, फाईल मागू नका, आणि खिळलेल्या एका रहिवाशाची कूस बदलून दाखवायला सांगा. चादर कोणत्या हाताने धरली जाते आणि दुसरी मावशी कुठून येते, की येतच नाही, ते तिथेच दिसेल.

कळावे,

आपले,
पुणे परिसरातील छोट्या वृद्धनिवासांचे चालक, परिचारिका आणि प्रशिक्षक